अर्ध्या प्रार्थनेचा दिवा

पाचूबंदरला आमच्या घराच्या पायरीवर बसलं की डावीकडे वाळत घातलेले बोंबील दिसतात आणि उजवीकडे, किल्ल्याच्या तटावरून डोकं वर काढलेलं दीपगृह. दीपगृह हा शब्द सरकारी पाटीवरचा. आमच्याकडे तिला सगळे 'बत्ती' म्हणतात, आणि बाईमाणसासारखं 'ती' म्हणतात. लग्नानंतर मी वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहायला गेले. तिथे खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. कोणाकडे पाहुणे आलेत हे टॉवेलांवरून कळतं, बाकी दिशा कळावी असं काही नाही.

माझे बाबा तांडेल. म्हणजे बोट चालवणारा, सुकाणू धरणारा, आणि बोटीवरच्या सगळ्यांना घरी परत आणायची जबाबदारी असलेला माणूस. दिवसा खाडीच्या तोंडाशी शिरताना बत्तीचा मनोरा आणि देवळाचा कळस एका रेषेत धरायचा. दोन्ही एकामागे एक आले की खाली खोल पाणी, जरा इकडेतिकडे झाले की रेती. (देऊळ म्हणजे आमचं चर्च. आम्ही ख्रिस्ती असलो तरी देवळातच जातो, हे मला कॉम्प्लेक्समध्ये दर वर्षी नव्या शेजारणीला समजावून सांगावं लागतं.) रात्री मात्र कळस दिसत नाही. तेव्हा फक्त बत्ती.

पण काळोखात लुकलुकणारी बत्ती आपलीच कशावरून? वर उत्तरेला दुसऱ्या खाडीच्या तोंडाशी दुसरी बत्ती आहे. तिला आपली समजून बोट आत घातली तर तिथल्या रेतीत बसलात. म्हणून प्रत्येक बत्तीचं लुकलुकणं वेगळं ठेवलेलं असतं. एकदा उजळल्यावर पुन्हा उजळेपर्यंतचा वेळ हीच तिची ओळख. साहेब लोक तो घड्याळावर मोजायचे. आमच्या आजोबांकडे घड्याळ नव्हतं आणि असतं तरी त्यांनी ते बोटीवर नेलं नसतं. "घड्याळात पानी शिरतं, प्रार्थनेत नाय शिरत," असं ते म्हणायचे. त्यांनी बाबांना नमो मारियेवर मोजायला शिकवलं. रोजरीत, म्हणजे आमच्या जपमाळेत, पुन्हा पुन्हा म्हणायची ती प्रार्थना दोन भागांची आहे. पहिला भाग सांगणाऱ्याने म्हणायचा, तो येशूच्या नावावर संपतो. दुसरा भाग बाकीच्यांनी. आमची बत्ती उजळली की सुरुवात करायची. बरोबर 'येशू' म्हणताना ती पुन्हा उजळली तर आपण आपल्या दारात. दुसरा भागही अर्धाअधिक म्हणून झाला तरी उजळली नाही तर ती बत्ती परकी, बोट वळवा.

हे ऐकून माझा नवरा म्हणाला होता, "आणि कोणी घाईघाईत म्हटली तर?" हा साताऱ्याकडचा माणूस. त्याला काय सांगणार! ज्या चालीत लहानपणापासून रोज संध्याकाळी घरात रोजरी होते, ती चाल वयाच्या सत्तरीतही तसूभर हलत नाही. बाबांची चाल आजोबांची होती. आईसुद्धा लग्न होऊन आली आणि वर्षभरात त्याच चालीला लागली. बाबा दर्यावर असले की ती संध्याकाळी पायरीवर बसून पुटपुटत असायची. आम्ही भावंडं आत अभ्यासाचं नाटक करत असू. वाटायचं, आई एकटीच रोजरी म्हणतेय.

आता आजोबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेवटच्या काही वर्षांत ते प्रार्थनेत मध्येच अडायला लागले. ओठ हलायचे पण पुढचा शब्द यायचा नाही. घरात सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, तरी सुकाणू सोडा म्हणायची कोणाची छाती नव्हती. एकदा, समोर बत्ती लखलखत असताना, त्यांनी बोट सरळ रेतीवर घातली. भरती येईपर्यंत सगळे तिथेच बसून राहिले. बाबा त्या बोटीवर होते. कोणाला खरचटलंही नाही, पण त्यानंतर आजोबा बंदरावर तोंड दाखवायला कधी गेले नाहीत. बाबांनी तेव्हाच ठरवलं की ज्या दिवशी आपली प्रार्थना आणि बत्ती जुळणार नाही, त्या दिवशी कोणी सांगायची वाट न बघता आपणच उतरायचं.

दोन वर्षांपूर्वी, गणपती होऊन गेल्यावर, बाबा उतरले. सुकाणू माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिलं आणि सगळ्यांना सांगितलं, गुडघे दुखतात. आईने लगेच तेल गरम करून आणलं. दर्यावरचा नवरा एकदाचा घरी बसला म्हणून ती इतकी खूश होती की तिने त्या दिवशी पापलेट विकायला न नेता घरातच तळले.

खरं कारण बाबांनी मला एकटीला सांगितलं. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. ते हळूच म्हणाले, "माझी मागे पडते गो. 'येशू' येयाच्या आधीच बत्ती उजळते. रोज. जिभेला टाईम लागायला लागला. बापाचं झालं तेच माझं."

"अरे बाबा, बत्तीच लवकर उजळत असेल," मी म्हणाले. उगीच, समजूत घालायला.

त्यांनी मान हलवली. "बत्ती चुकत नाय. मानूस चुकतो. आन आईला काय बोलू नको, ती रडंल."

मी कोणाला बोलले नाही. आईला सांगितलं, बाबांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे नेते, आणि नेलं मेंदूच्या डॉक्टरकडे. त्यांनी बाबांना वार विचारला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मासळीचा हिशेब तोंडी करणाऱ्या माणसाला हे काय अवघड! मुख्यमंत्री कोण विचारल्यावर मात्र ते अडले. "सारखं बदलतंय, त्यात माझा काय दोष?" डॉक्टरही हसले. म्हणाले, तुमच्या वडिलांना काहीही झालेलं नाही, घेऊन जा. मी आनंदाने रिक्षात बसले. बाबा म्हणाले, "डॉक्टरचं घड्याळ कागदावरचं."

आणि तेव्हापासून आमचा माणूस आटत गेला. मला दुसरा शब्द सुचत नाही. घरात रोजरी सांगायचं त्यांनी सोडलं. घसा बसलाय म्हणाले, आणि तो दोन वर्षं बसलेलाच राहिला. जाळं विणताना मध्येच थांबायचे आणि गाठी पुन्हा मोजायचे. आजोबांसारखं आपणही उद्या काहीतरी विसरणार, या धास्तीने ते काही आठवायलाच जात नव्हते. कोणी जुनं काही विचारलं तर म्हणायचे, "माला काय इचारता, पोराला इचारा." दर रविवारी मी जायचे आणि परत येताना रडायचे. दर्यावरचं वादळ परवडलं. निदान ते कोणत्या बाजूने येतंय हे तरी दिसतं.

त्यानंतर आली आमच्या कॉम्प्लेक्सच्या महिला मंडळाची सहल. कुठे जायचं यावर महिनाभर ग्रुपवर भांडणं झाली आणि शेवटी सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात स्वस्त म्हणून किल्ला आणि दीपगृह ठरलं. माझ्या माहेराच्या उंबऱ्यावर मी पर्यटक म्हणून आले. सुक्या मासळीच्या वासाने दोघी-तिघींनी नाकाला पदर लावला. याच बायका पावसाळ्यात माझ्याकडे "चांगलं सुकट आण गं" म्हणून मागे लागतात.

इतकी वर्षं त्या बत्तीच्या सावलीत वाढूनही मी कधी आत गेले नव्हते. आमच्यापैकी कोणीच गेलं नव्हतं. ते सरकारचं, आणि सरकारच्या दारात आपण होऊन कोण जातं? आत एक कर्मचारी होता, नागपूरकडचा, माझ्याच वयाचा. नोकरी लागेपर्यंत समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला, असं त्याने आपण होऊनच सांगितलं. पण आपल्या कामावर त्याचा जीव होता. मनोरा गोल का, तर वारा अडून न राहता दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. भिंत खाली जाड आणि वर जाताना बारीक का, तर वजन पायाशी राहावं म्हणून. बाहेरचे रंगाचे पट्टे शोभेसाठी नाहीत, दिवसा दिवा दिसत नाही तेव्हा ते पट्टे हीच ओळख. जिना भिंतीला चिकटून गोल वर जातो आणि मधली जागा मोकळी ठेवलेली आहे. मला वाटलं, हवेसाठी असेल. तो म्हणाला, अशा जुन्या दीपगृहांमध्ये या पोकळीतून एक जड वजन साखळीने सोडलेलं असायचं. ते हळूहळू खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीने वरचं भिंग फिरायचं. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला चावी देतात तसं ते वजन पुन्हा पुन्हा वर ओढून घ्यावं लागायचं.

वरच्या मजल्यावर जुनं भिंग कपाटात ठेवलं होतं. काचेच्या कडा एकावर एक रचलेल्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. दिव्याचा उजेड चहूकडे सांडतो, तो ही काच गोळा करून एका झोतात बांधते. म्हणून घासलेटच्या वातीवर चालायची तेव्हाही बत्ती इतक्या लांबून दिसायची. मग गॅस आला, मग वीज. आजोबा सांगत, त्यांच्या आजोबांच्या वेळी वादळी रात्री किल्ल्याच्या बुरुजावर लाकडं पेटवत, आणि कोणाची बोट राहिली असेल त्याच घरातून लाकडं येत. ते खरं की खोटं, हे त्या कर्मचाऱ्याला माहीत नव्हतं. मला खरंच वाटतं.

"एक गंमत सांगू?" तो म्हणाला. "ही बत्ती लुकलुकायची असं तुम्हाला वाटतं ना? ती कधी विझतच नव्हती. दिवा सारखा पेटलेला, भिंग फिरायचं. झोत तुमच्याकडे आला की तुम्हाला वाटायचं पेटली, पुढे गेला की वाटायचं विझली."

बायकांनी "अय्या" केलं. एकीने भिंगासमोर सेल्फी काढला.

"वाटायचं म्हणजे? आता नाही वाटत?" मी विचारलं.

"आता भिंग नाही फिरत. नवा दिवा बसवला, एलईडीचा. तो स्वतःच पेटतो-विझतो. तेव्हाच वेळही बदलून दिली वरून. पहिल्यापेक्षा लवकर पेटतो."

माझा हात जिन्याच्या कठड्यावर होता. तो मी घट्ट धरला. विचारलं, कधी बदलली?

"झाली दोन वर्षं. गणपतीच्या सुमारास. मच्छीमार सोसायटीला कळवलं होतं की."

त्या वेळी मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. आधी हसू आलं, मग इतका राग आला की त्या बिचाऱ्या नागपूरकराच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याचा काय दोष? त्याने तर कळवलं होतं. मी सहल तिथेच सोडली. मागून कोणीतरी ओरडलं, "अगं, गच्चीवरून सूर्यास्त बघायचाय ना!" मी बघितला नाही.

आधी बंदरावर गेले. भाऊ बोटीवर होता. त्याला विचारलं, बत्ती बदलल्याचं सोसायटीत कळलं होतं का? तो म्हणाला, हो, ग्रुपवर आलं होतं. मग बाबांना का नाही सांगितलंस? त्याने डोकं खाजवलं. "त्यात काय सांगायचं, ताई? बत्ती बघतो कोण आता? जीपीएस हाय ना." त्याच्याही बोलण्यात चूक नव्हती. बंदरावरच्या सगळ्या बोटींवर जीपीएसचे पडदे आहेत, सगळे तांडेल पडद्यावर बघतात. बत्ती मोजणारा शेवटचा माणूस आमच्या घरात बसला होता आणि त्यालाच कोणी सांगितलं नव्हतं.

घरी आले तर आई बांबूवरचे बोंबील काढून टोपलीत भरत होती. बाबा आत होते. मी तिच्याजवळ गेले आणि कुजबुजत म्हणाले, "आई, बत्ती बदललीय. दोन वर्षं झाली."

तिने टोपलीतून मानही वर केली नाही. "माला ठाव हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"कसं म्हंजे? बसते ना मी हितं रोज. पहिल्याच रात्री कळलं. बाबा तेव्हा दर्यावर होता. 'येशू' येयाच्या आधीच उजळली. मी म्हटलं, गव्हर्मेंटनं कायतरी केलं असंल."

"तू मोजायचीस?"

"मग काय करायची?" आई म्हणाली. "मानूस दर्यावर, समोर बत्ती. तो तिकडून बघतो, मी हिकडून बघते. तो म्हनतो तीच मी म्हनते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. मी मेंदूच्या डॉक्टरपर्यंत गेले होते आणि उत्तर घरच्या पायरीपाशी बोंबील भरत होतं. "मग तू बाबांना का नाही बोललीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कशाला बोलू? त्याचे गुडघे दुखतात. गुडघ्याला बत्तीचं काय?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. गुडघे धडधाकट आहेत हे, प्रार्थना मागे पडते हे, आजोबांचं भय, डॉक्टर, सगळं. बाबांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता त्या वचनाला धरून बसण्यात अर्थ नव्हता. आई ऐकत राहिली. मग टोपली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज संतापलेला होता.

"दोन वर्षं मी त्याच्या गुडघ्याला तेल चोळते," ती म्हणाली.

मग तिने आत, बाबा होते तिकडे बघितलं. मला कळत होतं ती काय विचार करतेय, कारण मीही तोच करत होते. बाबांना हे कळलं तर ते पुन्हा बोटीवर जाणार. नाही कळलं तर घरात राहणार, सुरक्षित, आणि रोज थोडे आटत जाणार. आईला तिचा नवरा आयुष्यात पहिल्यांदा रोज रात्री घरात मिळाला होता. हा निर्णय माझा नव्हता.

तिने पदराने हात पुसले आणि आत हाक मारली. "ए, भायेर ये."

बाबा बाहेर आले. अंधारून आलं होतं, बत्ती सुरू झाली होती. आईने त्यांना पायरीवर बसवलं. मी सांगितलं, दीपगृहात गेले होते, नवा दिवा बसवलाय, वेळ बदललीय. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "डॉक्टरनं शिकवलं काय असं बोलायला? चांगली हायेस तू."

विश्वासच नाही! मी त्यांना तिथल्या तिथे हात धरून मनोऱ्यावर न्यायला निघाले. आईने मला खाली बसवलं.

"तिचं सोड," ती बाबांना म्हणाली. "माझं ऐक." बत्ती उजळली आणि आईने मोठ्याने सुरुवात केली, त्याच जुन्या चालीत. 'येशू' यायच्या आधीच बत्ती पुन्हा उजळली. आई थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"बघ, माझीपन मागे पडते," ती म्हणाली. "दोघांचं डोकं एकाच दिवशी गेलं काय?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. बत्तीकडे नाही, तिच्याकडे. "तू कशाला मोजतेस?"

"तू परत येयापर्यंत दुसरं काय करनार?"

"कवापासून?"

"लगीन झालं तवापासून."

बाबांनी तोंडावर हात घेतला. रडत होते की हसत होते, ते अंधारात कळलं नाही. मग एकदम चिडले. दोन वर्षं घालवलीस, मला बोलायचं नाही का, म्हणून तिच्यावरच डाफरले. तीही काही ऐकून घेणारी नव्हती. "तू गुडघे बोललास!" ती ओरडली. "गुडघे!" शेजारची बाई खिडकीतून डोकावून गेली. त्या घरात दोन वर्षांनी असं कडाक्याचं भांडण ऐकू येत होतं. मी पायरीवर बसून दोघांचं भांडण मनसोक्त ऐकलं.

त्या संध्याकाळी रोजरी बाबांनी सांगितली. घसा आपोआप मोकळा झाला होता.

त्यांनी सुकाणू काही परत मागितलं नाही. भावाने देऊ केलं, तर म्हणाले, "तुझ्या हाताला बसलंय आता, राहू दे." पण ते बोटीवर जातात, पुढच्या बाजूला बसतात, आणि भाऊ पडद्यावर बघत असतो तेव्हा हे बत्तीची नवी वेळ मोजून त्याला सांगतात, आली आपली. भाऊ म्हणतो, पडद्याच्या आधी बाबांचं 'आली' येतं. मुलाचं कौतुक असेल, किंवा बापाचं.

परवा रविवारी गेले तेव्हा बोट बाहेर होती. आई एकटीच पायरीवर होती, ओठ हलत होते. मी शेजारी बसले आणि तिची प्रार्थना पुरी होईपर्यंत थांबले. मग विचारलं, बत्ती पुन्हा उजळेपर्यंत आता पोचतेस का 'येशू'पर्यंत?

"पोचते," ती म्हणाली. "जरा घाईत म्हनते."